पिकते तेथे वाचत नाहीत

करवीरातील कोणाही सुशिक्षित गृहस्थास मराठी कादंबऱ्यांची नावे विचारावीत. तो क्षणाचाही विलंब न लावता 'ययाति', 'स्वामी' आणि 'मृत्युंजय' ही तीन नावे सांगेल आणि सांगताना त्याचा ऊर अभिमानाने भरूनही येईल. हा अभिमान अनाठायी आहे असे आम्ही म्हणत नाही. 'ययाति'कार वि. स. खांडेकर यांनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध याच नगरीत घालविला आणि मराठीस पहिले ज्ञानपीठ पारितोषिक १९७४ साली त्यांच्यामुळे लाभले. 'स्वामी'कार रणजित देसाई हे चंदगड तालुक्यातील कोवाडचे, आणि 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत हे आजऱ्याचे. परंतु त्याच गृहस्थास चौथे नाव विचारावे, आणि ते गेल्या दहा-पंधरा वर्षांतील असावे अशी अट घालावी. म्हणजे तो गृहस्थ आढ्याकडे पाहू लागेल. 'ययाति' १९५९ साली निघाली, 'स्वामी' १९६२ साली आणि 'मृत्युंजय' १९६७ साली. म्हणजे आमच्या वाचनाचे घड्याळ अर्धशतकापूर्वी बंद पडले, आणि बंद घड्याळ भिंतीवर शोभेसाठी टांगून ठेवण्यात आम्ही धन्यता मानीत आहो!

यावर कोणी म्हणेल की, पुढे लिहिणारेच उरले नाहीत, तर वाचावे काय? हे म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही. साहित्य अकादमीचा मराठी भाषेसाठीचा पुरस्कार २०२१ साली किरण गुरव यांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' या कथासंग्रहास मिळाला, आणि २०२३ साली कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीस. हे दोन्ही लेखक आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातले. मधल्या २०२२ सालचा मान घाटाखालच्या सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' या कादंबरीने मिळविला. लागोपाठच्या तीन वर्षांत देशाच्या राजधानीतून या टापूकडे असे पाहिले गेले असता, खुद्द येथील किती घरांत ही पुस्तके पोहोचली? जिल्ह्यातील कुस्तीगीर मैदान मारून आला तर त्याची हत्तीवरून मिरवणूक काढावयास आम्ही मागेपुढे पाहत नाही. परंतु जिल्ह्यातील लेखक मान मिळवून आला तर त्याचे पुस्तक उघडून पाहण्याचेही श्रम आम्ही घेत नाही. पिकते तेथे विकत नाही, ही म्हण व्यापाऱ्यांनी केली असावी. ग्रंथांच्या बाबतीत ती करवीरकरांनी खरी करून दाखविली आहे.

हा केवळ अभिमान-अनभिमानाचा प्रश्न असता तर आम्ही त्यासाठी अग्रलेखाची जागा खर्ची घातली नसती. प्रश्न त्याहून मोठा आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. खजिन्यास त्या रुपयाची गरज होती म्हणून हे घडले नाही. जो समाज वाचीत नाही त्याला दुसऱ्याने वाचून दाखविलेले मुकाट्याने खरे मानावे लागते, हे महाराजांनी ओळखले होते. आज अक्षर न ओळखणारा मनुष्य शहरात क्वचितच आढळेल. परंतु अक्षरओळख ही किल्ली आहे. किल्ली खिशात घालून दाराबाहेर उभा राहणारा मनुष्य आणि किल्लीच नसलेला मनुष्य, या दोघांत घरात न शिरण्यापुरता तरी काय फरक? ज्याला हाताचे बोट फिरवून मोबाईलवर आलेला कोणाचाही मजकूर पुढे धाडता येतो, पण दोनशे पृष्ठांचे एक पुस्तक शेवटपर्यंत वाचून त्याविषयी स्वतःचे मत करता येत नाही, तो साक्षर असूनही दुसऱ्याच्याच डोळ्यांनी पाहतो.

तेव्हा आमच्या वाचकांपुढे काही थोडी पुस्तके आम्ही ठेवीत आहो. ही यादी पंडितांसाठी नव्हे. दिवसभर पेढीवर वा कचेरीत राबून रात्री अर्धा तास मोकळा मिळणाऱ्या गृहस्थासाठी व गृहिणीसाठी आहे.

पहिला मान अर्थात 'रिंगाण'चा. धरणासाठी गाव सोडावे लागलेला एक मनुष्य, मागे राहून रानटी झालेल्या आपल्या म्हशीच्या शोधात त्या उजाड मुलखात परत जातो, एवढेच कथानक. परंतु या एवढ्याशा कथानकात लेखकाने जे भरले आहे ते वाचून शहरातील मनुष्याने अस्वस्थ व्हावे, आणि झालेच पाहिजे. कारण उघड आहे. शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचा आरंभ केला, त्यानंतर जिल्ह्यात आणखी धरणे झाली. त्यांच्या पाण्यावर आमचा ऊस पिकला, त्या उसाचा गूळ शाहूपुरीच्या पेठेत आला, आणि त्या गुळाच्या व्यवहारावर कित्येक घराण्यांचे वाडे उभे राहिले. धरणे झाली हे चांगलेच झाले. त्यांवाचून हा जिल्हा आज आहे तसा हिरवा दिसला नसता. परंतु या जमाखर्चाच्या वहीत जमेची बाजू आम्ही नित्य वाचतो. खर्चाच्या बाजूस ज्यांची घरे, शेते, देव आणि स्मशाने लिहिली गेली त्यांचे पान आम्ही कधी उलटीत नाही. विश्वास पाटील यांनी १९९१ सालच्या 'झाडाझडती'त धरणग्रस्तांच्या हालांचा, त्यांच्या पुनर्वसनाच्या नावाने चाललेल्या कारभाराचा पाढा वाचला होता. त्या कादंबरीस १९९२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. खोत त्यापुढे जाऊन, माणूस उठविला गेला म्हणजे त्याच्या जनावराचे, त्याच्या रानाचे आणि त्याच्या आतल्या माणसाचे काय होते, हे दाखवितात. या दोन कादंबऱ्या एकापाठोपाठ वाचाव्या अशी आमची शिफारस आहे. व्यापारी मनुष्यास दोन्ही बाजू मिळविल्याशिवाय वही बंद करता येत नाही, हे त्यास आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही.

'रिंगाण'विषयी एक तक्रार शहरी वाचकांकडून हमखास ऐकू येईल ती अशी की, तिची भाषा गावंढळ आहे व समजण्यास अवघड जाते. या तक्रारीची आम्हांस मौज वाटते. ज्या बोलीत आमचे आजोबा बोलले, ज्या बोलीत आजही बाजार समितीत शेतकऱ्याशी घासाघीस चालते आणि ज्या बोलीत आम्ही रागावतो व लाडही करतो, ती छापील पानावर दिसताच आम्हांस परकी कशी होते? अवघड ती भाषा नव्हे. आपल्या तोंडच्या भाषेची लाज वाटणे हे अवघड दुखणे आहे. त्यावर उपायही याच पुस्तकांत आहे. एक-दोन पाने मोठ्याने वाचावी. कान लगेच ओळख देतात.

किरण गुरव यांचा कथासंग्रह ज्या घरातील मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी घर सोडून गेली आहे त्या घराने आधी वाचावा. खेड्यातला बाळू शहरात शिकावयास येतो आणि त्याच्या मनाची एक अवस्था सुटून दुसरी लागत नाही, तोवरची त्याची घालमेल लेखकाने हसतखेळत मांडली आहे. वसतिगृहांची परंपरा ही कोल्हापूरची मोठी पुण्याई. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी शाहू महाराजांनी वसतिगृहे उभी केली नसती तर बहुजन समाजातील पहिली शिकलेली पिढी शहरात टिकलीच नसती. ती वसतिगृहे आम्ही इतिहास म्हणून सांगतो. परंतु त्या खोलीत पहिल्या रात्री झोप न येणाऱ्या मुलाच्या पोटात काय होते, हे इतिहास सांगत नाही, कथा सांगते.

तिसरे पुस्तक खास आमच्या कापडवाल्या बांधवांसाठी. देविदास सौदागर या तुळजापूरच्या लेखकाने 'उसवण' ही छोटेखानी कादंबरी लिहिली व तिला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. लेखक स्वतः शिवणकाम करून पोट भरणारा. तयार कपड्यांच्या दुकानांपुढे शिंप्याचे यंत्र हळूहळू कसे थांबते व त्याबरोबर एक संसार टाक्याटाक्याने कसा उसवतो, हे त्याने लिहिले आहे. इचलकरंजीतील मागवाल्यांस आणि महाद्वार रस्त्यावरील दुकानदारांस ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. आज शिंप्यावर आलेली वेळ उद्या छोट्या दुकानदारावर येऊ शकते, नव्हे कित्येकांवर आलीही आहे. आमच्या भाषेत मध्यमवर्गाच्या मनाचे चित्रण विपुल झाले. कारागिराच्या हातून निघालेले कारागिराचे चित्रण मात्र विरळा. ते आले असता त्याचे स्वागत पुरस्कार देणाऱ्यांनीच करावे आणि गिऱ्हाइकाने करू नये, हे बरे नव्हे.

'उद्या' ही नंदा खरे यांची कादंबरी आम्ही चौथी सुचवितो. तिच्या नावातच तिचा विषय आहे. येऊ घातलेल्या काळात माणसाची प्रत्येक हालचाल, प्रत्येक खरेदी आणि प्रत्येक शब्द कोणी तरी टिपून ठेवू लागले म्हणजे माणसाचे स्वातंत्र्य कितपत उरते, याचा विचार पेशाने स्थापत्यविशारद असलेल्या या लेखकाने केला आहे. २०२० सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार या कादंबरीस जाहीर झाला. परंतु पुरस्कार न स्वीकारण्याचा निश्चय आधीच केला असल्याने खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला. २०२२ साली ते वारले. पूर्वी पेढीवरचा हिशेब पेढीवरच राही. आज चहाचे दहा रुपये मोबाईलवरून दिले तरी त्याची नोंद आम्हांहून दुसराच कोणी अधिक काळजीपूर्वक ठेवतो. हे सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु सोयीची किंमत काय, हे विचारणारा लेखक आमच्या भाषेत निपजला हे आमचे भाग्य समजावे. पुस्तक जरा नेटाने वाचावे लागते, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

आता कल्पित सोडून सत्य वृत्तान्ताकडे वळू. जयंत नारळीकर यांचे 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती पडावे असे आहे. १९३८ साली जुलै महिन्यात याच कोल्हापुरात जन्मलेला हा मुलगा वाराणसीत वाढला, केंब्रिजला जाऊन फ्रेड हॉईल यांच्यासारख्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला, आणि तेथे नाव झालेले असताना १९७२ साली स्वदेशी परतला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करून पुढे पुण्यास त्यांनी 'आयुका' ही संस्था उभी केली. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. या पुस्तकास २०१४ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२५ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. परदेशी गेलेला मुलगा तेथेच राहिला म्हणजे पेढे वाटणाऱ्या आईबापांनी, आणि परत आला म्हणजे 'जमले नाही वाटते' असे कुजबुजणाऱ्या शेजाऱ्यांनी, हे पुस्तक आवर्जून वाचावे.

उर्मिला पवार यांचे 'आयदान' हे २००३ साली निघालेले आत्मकथन आम्ही विशेषेकरून आमच्या भगिनींसाठी सुचवितो. आणि त्यांच्याहीपेक्षा त्यांच्या यजमानांसाठी. कोकणात बांबूच्या विणलेल्या टोपल्या-सुपांस आयदान म्हणतात. लेखिकेची आई ती विणून विकी व त्यावर मुले शिकवी. दलित कुटुंबातील मुलीस जात कशी सोसावी लागते हे तर यात आहेच. परंतु घराबाहेर समतेच्या सभा गाजविणारे पुरुष घरात बायकोने शिकावे, लिहावे, बाहेर पडावे म्हटले की कसे बदलतात, हेही तिने भीडभाड न ठेवता लिहिले आहे. माणगावची अस्पृश्य परिषद १९२० साली याच संस्थानच्या भूमीवर भरली आणि तीत शाहू महाराजांनी डॉक्टर आंबेडकरांचे नेतृत्व उघडपणे पुरस्कारिले, याचा अभिमान सांगणाऱ्या जिल्ह्याने हे पुस्तक वाचले नसेल तर तो अभिमान अपुरा आहे.

गावचा कारभार पाहणाऱ्यांसाठी मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने सर्वसंमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली, अभ्यासमंडळ चालवून कायदे समजून घेतले आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क कायद्याने मिळविला. ज्या गावात पूर्वी शिक्षण जेमतेम होते त्याने एकत्र बसून वाचले व विचार केला. आणि आमच्या शिकलेल्या पेठांत एका गल्लीच्या गटाराचा प्रश्न बारा बैठकांत सुटत नाही. या पुस्तकात उपदेश नाही, केवळ घडलेली हकीकत आहे. म्हणूनच ती अधिक बोचते.

शेवटचे पुस्तक नवे नव्हे, परंतु त्यावाचून कोल्हापूरची यादी पुरी होत नाही. गोविंद पानसरे यांचे 'शिवाजी कोण होता?' हे चिमुकले पुस्तक १९८८ साली निघाले. शिवाजी महाराजांचा रयतेशी व्यवहार कसा होता, शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही सैन्याने हात लावू नये अशी शिस्त त्यांनी का घातली, सर्व धर्मांच्या माणसांस त्यांनी कसे वागविले, हे त्यात साध्या बोलीत सांगितले आहे. लेखकावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच शहरात सकाळी फिरून घरी येताना गोळ्या झाडण्यात आल्या व २० फेब्रुवारीस त्यांचा अंत झाला. त्यांची राजकीय मते ज्यांस मान्य नाहीत त्यांनीही पुस्तक वाचून मग ते खोडावे. वाचल्यावाचून मान्य करणे आणि वाचल्यावाचून नाकारणे ही सारखीच आंधळी आहेत. पुस्तकास उत्तर पुस्तकाने द्यावयाचे असते, एवढे तरी या नगरीने जगास ठणकावून सांगितले पाहिजे.

आता अडचणींचा विचार करू. पहिली अडचण पैशाची सांगतात. आम्ही पुस्तकांच्या किमतींशी दुसऱ्या एकाच खर्चाची तुलना करतो: एका कुटुंबाने एका रविवारी बाहेर जाऊन तांबडा-पांढरा रस्सा ओरपला तर जे बिल होते, त्यात वरीलपैकी निदान एक पुस्तक खासच येते. रस्सा सोडावा असे म्हणण्याचे पाप आम्ही करणार नाही. महिन्यात चार रविवार असतात, एक पुस्तकास द्यावा इतकेच. ज्यास तेही शक्य नाही त्यासाठी ग्रंथालये आहेत. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही ही संस्था वयाने वडील. आणि सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा कायदा या देशात प्रथम केला तो कोल्हापूर संस्थानाने, १९४५ साली. मद्रास प्रांताचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला व महाराष्ट्र राज्याचा १९६७ साली. ज्या नगरीने देशास ग्रंथालयाचा कायदा दाखविला तिच्या नागरिकांनी आपल्या ग्रंथालयाचे वर्गणीदार नसावे, हा दिव्याखालचा अंधार होय.

दुसरी अडचण वेळेची. तिचे उत्तर ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्येच आहे. दिवसातून किती तास आपण त्याकडे पाहिले हे ते यंत्र स्वतःच सांगते. तो आकडा पाहून ज्यास लाज वाटणार नाही त्याच्याशी आमचा वाद नाही.

तिसरी अडचण आमच्याकडची आहे व ती कबूल करणे प्राप्त आहे. पुस्तकांची ओळख करून देणे हे वृत्तपत्रांचे काम. परंतु पुढाऱ्यांच्या वाढदिवसांस जी जागा मिळते तिचा दहावा हिस्साही नव्या पुस्तकांस मिळत नाही. दोष वाचकांच्या पदरी टाकताना आपला वाटा आम्ही विसरत नाही.

उपाय फार मोठे नाहीत. शहरात पेठोपेठी तालमी व मंडळे आहेत. गणेशोत्सवात ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर जो पैसा एका रात्रीत हवेत विरतो त्याचा अल्पांश काढून प्रत्येक तालमीने एक कपाट भरावे. शरीर कमावण्याच्या जागी बुद्धीही कमावली तर लाल मातीचा मान कमी होत नाही. व्यापारी बांधवांनी दिवाळीस गिऱ्हाइकांस दिनदर्शिका व मिठाई वाटण्याची चाल आहे. त्याबरोबर एक पुस्तक द्यावे, आणि ते जिल्ह्यातील लेखकाचे असावे. लग्नसमारंभांत हारतुरे व फेट्यांऐवजी पुस्तके देण्याचा पायंडा काही घरांनी पाडला आहे, तो सार्वत्रिक व्हावा. सहकारी साखर कारखाने, दूधसंस्था व पतसंस्था यांनी वार्षिक सभेच्या भेटवस्तूंत भांड्याऐवजी एखाद्या वर्षी ग्रंथ देऊन पाहावा. सभासद रागावतील असे धरून चालणे हा सभासदांचा अपमान आहे.

मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा गावोगाव पेढे वाटले गेले. भाषा अभिजात ठरते ती तिच्या जुन्या ग्रंथांमुळे, जिवंत राहते ती मात्र तिच्या नव्या ग्रंथांच्या वाचकांमुळे. पहिले काम पूर्वजांनी करून ठेवले. दुसरे आमच्याकडे बाकी आहे. मूल शाळेत न धाडणाऱ्यास दरमहा एक रुपया दंड करणारा राजा आज नाही. तेव्हा तो दंड आपणच आपल्यावर बसवून घ्यावा: ज्या महिन्यात घरातील कोणी एकही पुस्तक वाचले नाही, त्या महिन्यात एका पुस्तकाची किंमत जवळच्या ग्रंथालयात नेऊन भरावी. वाचले तर घराचा लाभ, न वाचले तर गावाचा. असा सौदा पेठेत रोज मिळत नाही.